लायटर दुरुस्तीला दिलाय

आये, हे तुला लिहायला बसलेय ते मन भरून आलं वगैरे म्हणून नाही. मला गृहपाठ दिलाय. एकसष्टाव्या वर्षी, एका सव्वीस वर्षांच्या मुलीने. रोज एक पान, रेघांच्या वहीत, अक्षर वरच्या आणि खालच्या दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे एवढं मोठं, आणि घाई अजिबात नाही. काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. भाजीची यादी लिहा काकू, कुणाला पत्र लिहा, काहीही चालेल म्हणाली. भाजी मुलगा मोबाइलवरून मागवतो, आणि हाताने पत्र लिहावं असं जिवंत माणूस मला आठवेना. मग तू आठवलीस. तुला वाचता येत नव्हतं, जेमतेम सही यायची. ते आज एका परीने बरंच झालं म्हणायचं.

मला कंपवात झालाय. पार्किन्सन्स म्हणतात. हात थरथरतो तो लोकांना दिसतो, पण खरा त्रास वेगळाच. सगळं आखडत जातं. अक्षरसुद्धा. ओळीच्या सुरुवातीला बरं असतं, शेवटाला मुंगी होते. हे मला कुणी सांगायला नको, कारण बत्तीस वर्षं परळच्या हॉस्पिटलात मी लोकांकडून हाच गृहपाठ करून घेतला, आणि कुणी वही कोरी आणली की चांगली झापायचे. आता कळतंय, एक पान भरायला पाऊण तास जातो आणि मान दुखून येते. झापलेल्यांपैकी कुणी भेटलं तर हात जोडीन म्हणते.

आपली चाळ गेली, हे तुला कुणी सांगितलं असणार. तू तिथे ज्यांच्यात जाऊन बसली असशील, ते सगळे लालबागचेच. त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि आम्हाला एकोणिसाव्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल आणि किचन मिळालं. आपली खोली तिसऱ्या मजल्यावर होती ना, तिथे आता गाड्या लावतात. तुझी खाट होती त्या अंदाजाला कुणाची तरी पांढरी गाडी असते. मी एकदा मुद्दाम लिफ्ट तिसऱ्यावर थांबवून बघून आले. तेव्हा मी एकटी लिफ्टने जायचे. आता जात नाही, म्हणजे जाऊ देत नाहीत. खिडकीतून सगळं परळ दिसतं, पण आवाज वर येत नाही. गणपतीतसुद्धा माणसं मुकी नाचताना दिसतात.

घरात मी, मुलगा आणि सून. दोघं सकाळी नऊला जातात ते सातला येतात. जाताना मुलगा थर्मासमध्ये चहा भरून ठेवतो, डब्यात पोळीभाजी, सोफ्याच्या बाजूच्या टेबलावर पाणी, गोळ्या, सगळं हाताशी. मुलगा वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. कपाटावर एक एवढासा कॅमेरा बसवलाय. त्यातून तो ऑफिसात बसून मला बघतो, आणि त्या कॅमेऱ्याला आवाजही आहे. मी सोफ्यावरून उठले की कपाट बोलतं, "आई, बस तू. काय पाहिजे?" आता काय सांगू, काय पाहिजे? उठायचं होतं, बस. पण मी बसते. नऊला भरलेला चहा अकरा वाजता प्यायचा आणि उरलेला चारला. त्या चहाला थर्मासच्या बुचाचा वास येतो. तू असतीस तर कुंडीतही ओतला नसतास.

हे सगळं दोन महिन्यांपूर्वीच्या दुधामुळे झालं. मी गॅसवर दूध ठेवून हॉलमध्ये आले होते. परत जायला निघाले आणि किचनच्या दारात पाय चिकटले. या आजारात हे होतं, आये. दार आलं, अरुंद जागा आली की पाय जमिनीला खिळतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात नाही. मी दारात उभी, समोर चार हातांवर दूध वर येतंय, मला ते दिसतंय, आणि मी हलू शकत नाही. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास सुटला, तरी मी तिथेच. नशिबाने मुलगा त्या दिवशी लवकर आला. तो घाबरला. कोण घाबरणार नाही? दुसऱ्या दिवसापासून त्याने ओट्याखालचा गॅसच्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून जायला सुरुवात केली. आता गॅस पाइपातून येतो, सिलिंडर नाही. तो व्हॉल्व्ह भिंतीपाशी आत आहे, वाकून जोर लावून फिरवायचा. माझ्याने फिरत नाही, हे त्याला माहीत आहे. विजेची किटली आण म्हटलं तर म्हणाला, उकळतं पाणी ते उकळतं पाणीच.

मग त्यानेच ही मुलगी शोधून आणली. गिरगावातली, फणसवाडीतली. मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे मी होते तेच. आली, चपला काढल्या, आणि काय दुखतंय, किती दिवस झाले, असलं काही विचारलं नाही. समोर बसून म्हणाली, "काकू, तुम्हाला काय करायचंय?" आये, हा आमच्या धंद्याचा पहिला प्रश्न आहे. हजारो माणसांना मी तो विचारला असेल, आणि मला तो कुणी विचारल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे बघ. मी म्हटलं, चहा. माझा मी चहा करायचाय, आलं ठेचून, आणि कपात ओतून, गरम. तिने ते कागदावर लिहून घेतलं. मग मुलाशी बोलली. महिनाभर सराव घेते, मग किचनमध्ये परीक्षा घेते. जमलं तर व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, नाही जमलं तर दिवसभराची बाई ठेवा आणि किचन विसरा. मुलगा बरं म्हणाला. तेव्हापासून मी त्या एका कप चहासाठी जगतेय म्हटलं तरी चालेल.

तू मला तीन वर्षं विचारत होतीस, "नक्की काय करतंस गो तू थंय?" कॉलेज परळला, लालबागहून चालत दहा मिनिटं, पण तुझ्यासाठी ते विलायत होतं. बाबा गेल्यावर खानावळीत नऊ-नऊ माणसांची पानं वाढून तू मला शिकवत होतीस, तर विचारायचा हक्क होताच तुझा. मी धड सांगायचे नाही. डॉक्टर? नाही. नर्स? नाही ग. म्हणजे मालीश? मी चिडायचे. आता सांगते, वेळच वेळ आहे. माणूस सकाळी उठल्यापासून जे जे करतो, दात घासतो, केस विंचरतो, जेवतो, कामावर जातो, भांडतो, खेळतो, ते सगळं त्याचं काम. आजारपणाने किंवा अपघाताने ते हातून सुटतं. ते पुन्हा त्याच्या हाती द्यायचं, हा आमचा उद्योग. शेजारच्या विभागात फिजिओवाले खांदा वर जाईल असं बघायचे. आम्ही विचारायचो, खांदा वर नेऊन करायचंय काय? वेणी घालायचीय की फळीवरचा डबा काढायचाय?

आमचा विभाग तळमजल्यावर होता. एक लांबलचक हॉल. एका टोकाला सुतारकामाचं बाक आणि एक जुना हातमाग. हातमाग बघून तुला हसू आलं असतं, बाहेर गिरण्या बंद आणि हॉस्पिटलात माग चालू. पण खांद्यासाठी त्याच्यासारखं काही नव्हतं. प्रेसमध्ये तीन बोटं गमावलेला एक माणूस आला होता, त्याला बोटं परत मिळणार नव्हती, नोकरी मिळवायची होती. त्याच्या उरलेल्या दोन बोटांना कामाची सवय लावायला मी आठ महिने घेतले. एका कोपऱ्यात मुलांचा झोपाळा आणि मोठे चेंडू. चालायला, बोलायला उशीर झालेली मुलं, पेन्सिल न धरणारी, कुणी हात लावला तरी किंचाळणारी. लोकांना वाटायचं आम्ही खेळतोय. खेळतच होतो, मुलाचं काम तेच. भाजलेल्या बायका यायच्या, त्यांच्या हाताची कातडी आखडू नये म्हणून गरम पाण्यात प्लास्टिक मऊ करून त्यांच्या मापाची पट्टी बनवायची. आणि मनाच्या आजाराचा वॉर्ड. तिथे एक बाई पाच महिने खाटेवरून उठत नव्हती. तिच्यापुढे मी कोथिंबिरीची जुडी टाकली आणि निवडायला बसले, मुद्दाम वाईट निवडत होते. तिसऱ्या दिवशी ती वैतागून उठली आणि माझ्या हातातून जुडी ओढून घेतली. दादरच्या एका म्हाताऱ्या काकांच्या घरी जाऊन मी त्यांच्या मोरीत धरायला दांडी बसवून घेतली आणि खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. त्यांच्या बायकोला वाटलं सुतारीण आलीय. हे सगळं माझं काम होतं, आये. तुला पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक स्वयंपाकघर होतं. खरंखुरं. ओटा, शेगडी, डबे, चाकू. लकवा झालेल्या बायांना तिथे उभं करून चहा करायला लावायचा. आमच्या बाई, म्हणजे ज्यांनी मला शिकवलं त्या, तेव्हा एकच नियम सांगायच्या. पेशंट चहा करत असताना तू हात मागे बांधून उभं राहायचं. पडेल असं वाटलं तर धर, भाजेल असं वाटलं तर धर. सांडतंय, वेळ लागतोय, साखर बाहेर पडतेय म्हणून पुढे जायचं नाही. मी एकदा पुढे गेले, एका म्हातारीच्या हातून गाळणं घेतलं. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ओढणीने हात बांध. तुला दया येतेय, तिला चहा येतोय." मला ते इतकं लागलं की पुढची बत्तीस वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच वाक्य ऐकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तुझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मला नोकरी लागून एक वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली. तू बावन्न वर्षांची. आमच्या विभागात तुला आणली, बाईंनी स्वतः शिकवलं. उजवा हात बोटांनी काही धरणार नव्हता, पण वजनासारखा वापरता येत होता. त्याच्याखाली वस्तू दाबून धरायची आणि डाव्याने काम करायचं. सहा आठवड्यांत तू बटण लावायला लागलीस. मी सुतारकामाच्या बाकावर तुझ्यासाठी एक फळी बनवली, दोन खिळे ठोकलेली. खिळ्यांवर बटाटा खोचायचा, तो हलत नाही, मग एका हाताने सोलायचा, चिरायचा. तुला मी आयुष्यात जेवढं काही आणून दिलं त्यात तुला ती फळी सगळ्यात आवडली. साडीसुद्धा एवढी निरखून बघितली नव्हतीस. तू ती घेऊन गॅलरीत जाऊन बसलीस, आल्या-गेल्याला दाखवायला.

तिथेच माती खाल्ली मी. संध्याकाळी कामावरून येत होते, जिन्यावरच शेजारच्या काकीचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, की लेक हॉस्पिटलात मोठी शिकलेली, आणि आई बघा अर्ध्या अंगाने बटाटे सोलतेय. आमच्या पोरी अडाणी असल्या तरी आईला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नसता. तुला आपली चाळ माहीतच आहे. आजारी आईला भरवणारी लेक पुण्यवान, आणि तिच्या हातात सुरी देणारी कसाई. मी वर आले, तुझ्या पुढ्यातली फळी उचलली आणि पोटमाळ्यावर टाकली. तुला म्हटलं, हात कापशील. कापला नव्हतास, एकदाही. त्या दिवसापासून मी तुला भरवायला लागले. गॅलरीचं दार उघडं ठेवून भरवायचे, हेही लिहून टाकते.

मी कामावर गेल्यावर तू शेगडीशी जाशील ही मात्र खरी भीती होती. तुला उजव्या बाजूला चटका कळत नव्हता, पदर पेटला तरी कळला नसता. भीती चार आणे, लाज बारा आणे, असं धर. मी रोज सकाळी गॅसचा लायटर पर्समध्ये टाकून परळला न्यायला लागले. तू विचारलंस, लायटर खंय? मी म्हटलं, बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. आये, लायटर कुणी दुरुस्तीला देतं का? दहा दुकानं फिरलीस तरी कुणी घेणार नाही. आठवड्याने, मी वेणी घालत असताना, भिंतीकडे बघत म्हणालीस, "इलो काय गो तुझो लायटर?" मी म्हटलं, नाही अजून. मग तू पुन्हा विचारलं नाहीस. एकदाच फक्त माझा हात धरलास, डाव्या हाताने, चांगला घट्ट, आणि म्हणालीस, "माका चाय तरी करूक दी गो, बाकी काय नको." मी म्हटलं, मी आहे ना करायला. दिवसभर मी नव्हतेच. मी परळला दुसऱ्या बायांना चहा करायला लावत होते.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण अजून तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहायच्यात. त्या दिवशी मला अर्ध्या दिवसाने सोडलं. मी दार उघडलं तर तू खाटेवर बसलेली, आणि ओट्यावर कप, त्याच्यावर बशी झाकलेली. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी खानावळीच्या दिवसांत बघितलं होतं, कुणी दुसऱ्यांदा आमटी मागितली की यायचं ते. म्हणालीस, "तुका चाय केलंय. थंड जाता, घे." आणि मग बघितलं, ओट्यावर देवाची काडेपेटी. मी लायटर नेला, पण समईमागची काडेपेटी विसरले होते. बाजूला एका वाटीत जळक्या काड्या नीट गोळा करून ठेवलेल्या. अकरा. अकरा वेळा तू ती पेटी उजव्या मुठीखाली दाबलीस आणि डाव्या हाताने काडी ओढलीस, अगदी आमच्या बाईंनी शिकवलं तसं. माझ्या विभागातल्या एकाही बाईने एवढं करून दाखवलं नव्हतं. मला नाचायला हवं होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज गॅलरीभर गेला हे आठवतं, कारण काकी दारात येऊन उभी राहिली. पेटली असतीस, चाळ पेटवली असतीस, माझ्या तोंडाला काळं फासलं असतंस. मग कप उचलला आणि मोरीत गेले, आणि ओतून आले. मी म्हटलं, "साखरेऐवजी मीठ घातलंयस त्यात. काही कळतंय का तुला?" तू म्हणालीस, "होय?" एवढंच. मग खूप वेळ स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिलीस, चांगल्या हाताकडे.

त्यानंतर तू पाच वर्षं होतीस. ओट्याकडे एकदाही गेली नाहीस. काडेपेटी पुन्हा देवापाशी ठेवली, मुद्दाम ठेवली, तरी हात लावला नाहीस. कुणी भेटायला आलं, जेवणाखाणाचा विषय निघाला, की आपणहून सांगायचीस, "माका आता मीठ-साखर कळणा नाय." जिच्या हातच्या आमटीसाठी माणसं डिलाईल रोडवरून चालत यायची, ती. शेवटी शेवटी तर ताटातलं काही चांगलं की वाईट हेसुद्धा मला विचारायचीस. खाट, खिडकी, खिडकीतून समोरच्या चाळीची भिंत. तू गेल्यावर दोन वर्षांनी मी लग्न केलं, मुलगा झाला, नवराही गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. हे सगळं आयुष्य मी केलं, पण त्या खोलीतून मी काही बाहेर पडले नाही.

परवा मंगळवारी परीक्षा झाली. मुलीने आल्या आल्या किचनच्या दारात जमिनीवर लाल चिकटपट्टी आडवी लावली. म्हणाली, काकू, चालू नका, ही ओलांडा. मला ही युक्ती माहीत आहे, मी शेकडोंना सांगितलीय. पाय जिथे चालायला तयार नसतात तिथे ओलांडायला तयार होतात. पण ती पट्टी बघून मला आपला उंबरा आठवला. या टॉवरच्या घरांना आत उंबरे नाहीत, सगळं गुळगुळीत. मी आपल्या खोलीत शिरतेय असं मनात धरलं आणि पाय उचलला. उचलला गेला. मुलीने वाकून व्हॉल्व्ह उघडला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. हात मागे. कुणी शिकवलं तिला कोण जाणे. आमच्या बाईंच्या कुठल्या तरी विद्यार्थिनीच्या विद्यार्थिनीने शिकवलं असेल. कपाट मधूनच "आई, सांभाळून" म्हणालं, तशी तिने जाऊन कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आलं ठेचताना खलबत्ता चांगलाच वाजला, हात आपोआप थरथरतो तो ठेचायला कामीच आला म्हण. साखर ओट्यावर सांडली. दूध ओतताना थोडं बाहेर गेलं. कपात ओतायला मी पातेलं दोन्ही हातांनी धरलं आणि तरी बशी भरली. बावीस मिनिटं लागली. ती मुलगी एकदाही पुढे आली नाही. एकदा तिच्या दंडाला झटका बसलेला मला दिसला, मी दूध ओतत असताना, पण हात मागेच राहिले. मग मी कप तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, साखर बरोबर आहे का ग? तिने घोट घेतला, गिळला, आणि म्हणाली, "बरोबर आहे, काकू." मी तिथेच ओट्याला धरून रडायला लागले. तिला वाटलं आनंदाने रडतेय. पाठीवरून हात फिरवत होती बिचारी.

तिने मुलाला कागद लिहून दिला, जमतंय म्हणून. पट्टी राहू दे, लहान पातेलं वापरा, बसायला उंच स्टूल ठेवा. संध्याकाळी त्याने तो वाचला, दोनदा वाचला, घडी करून फ्रिजवर ठेवला. सकाळी निघताना थर्मास भरला. मी म्हटलं, व्हॉल्व्ह? बुटांची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाम झालाय ग आई तो. गॅसवाल्याला सांगितलंय, येईल बघायला." आणि गेला.

आये, मी हसले. एकटी, मोठ्याने. पोराला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, तुझ्या नातवाला. तुला बघितलं नाही त्याने कधी, लायटरची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही, तरी बरोबर त्याच दुकानात गेला. तेव्हा मला कळलं की तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लायटर कुठे जातो, कुणाच्या पर्समध्ये जातो. तू भिंतीकडे बघून विचारलंस ते माझं तोंड बघावं लागू नये म्हणून. त्याच्यावर रागवायचं तर कुठल्या तोंडाने रागवू? पण मी तुझ्यासारखी गप्प बसणार नाही, हेही सांगून ठेवते. काल विचारलं, आला का रे तुझा गॅसवाला? आज विचारलं. रोज विचारणार आहे. उद्या शुक्रवार, ती मुलगी येईल, तिच्यासमोर विचारणार आहे. फळी तू मागितली नाहीस, म्हणून पोटमाळ्यावर राहिली.

शुक्रवारी तिला वही दाखवायची आहे. पहिलं पान दाखवीन, भाजीच्या यादीपर्यंतचं. ही पुढची पानं फाडून ठेवणार आहे. अक्षर इथे येईपर्यंत पुन्हा मुंगी झालंय, ती रागवेल, आणि तसंही हे तिच्यासाठी नाही. तुझ्यापर्यंत पोचवायची सोय नाही. लायटरचं खोटं तू ओळखलंस. दुसरं ओळखलं नाहीस. ते तू खरं धरलंस आणि पाच वर्षं लोकांना सांगत राहिलीस. त्या दिवशी मोरीत, तुझ्याकडे पाठ करून, कप ओतण्याआधी मी एक घोट घेतला होता. मीठ नव्हतं, आये. साखर बरोबर होती.